अकरा पावलं

जांबोटीच्या वळणापास्नं आमच्या पाणंदीपर्यंत
तीन फूट खोल चर मीच खणला.
मी, भरमाण्णा आणि हुबळीकडची चार पोरं.
माझं ‘पुरे’ त्यांना कळायचं नाही,
त्यांचं ‘साकु’ मला बरोबर कळायचं.
मुरूम संपला की जांभा,
जांभ्याखाली परत जांभा.

मग नारिंगी पाईप आला, गुंडाळी सोडत सोडत.
सुपरवायझर म्हणाला, लुमाण्णा, यातनं उजेड जातो.
मी वाकून बघितलं. आत केसाएवढी काच.
कान पण लावला, उगाच.

आमच्या परड्याच्या कडेनं गेला तो,
फणसाचं मूळ चुकवून. मीच चुकवलं.
पुढं घाट उतरून गोव्याला गेला म्हणे.
पंचायतीत एक पांढरी पेटी बसवली,
तिच्यावर तीन दिवे, तिन्ही विझलेले.
किल्ली सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी खानापुरात.
आणि घरापर्यंत?
ते टेंडरात नाही की.

आमची सुलक्षणा गोठ्यामागच्या दगडावर बसते.
उजवीकडं कलली की फोन कन्नडमध्ये बोलतो,
डावीकडं कलली की चंदगडचा टॉवर:
‘महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.’
आमच्या आज्जानं लाठ्या खाल्ल्या त्यासाठी,
नातीला ते दिवसातनं चारदा मिळतं
आणि चारदा जातं.

नर्सिंगच्या कॉलेजांची पसंती भरायची शेवटची रात्र.
दगडावर बसून पोरगी दोन तास तेच बघालीय,
एक गोल फिरालंय, फिरालंय.
जात्यातनं पीठ तरी पडतं.

साडेदहाला गुरवाची बाईक मागितली.
जांबोटीत बेकरी बंद, पण तिचं वायफाय जागं.
पासवर्ड गुरवाच्या पोराला पाठ.
पायरीवर बसून तिनं सहा कॉलेजं भरली,
मी कुत्री हाकलत उभा.

परत आल्यावर चप्पल न काढता म्हणाली,
बाबा, पाईप नेमका कुठनं गेलाय?
फणसाखाली जागा दाखवली.
तिथनं ती उंबऱ्यापर्यंत चालत आली, मोजत.
अकरा.

मला रात्रभर झोप नाही.
मऊ माती आहे तिथं. दोडक्याचा मांडव होता.
जांभा लागणारच नाही.
न्याहरीच्या आधी संपेल एवढं काम.