तट

गोळीबार चौकात माझं दुकान.
बाबांच्या काळी इथं माग होते,
चार माग, आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेली चार माणसं.
कोष्ट्याला धाग्याची ओळख लागते, बाबा म्हणायचे.
मला आता रंगाची तेवढी आहे.

कॉलेजातून ऑर्डर आली, जगातले सगळे झेंडे,
सहा बाय नऊ इंच, टेबलावर ठेवायचे.
पोरंपोरी तीन दिवस देश होणार होते.
बॅनरवर शून्य मैलाचा दगड.
नागपुरात काहीही असलं की तोच छापतात.

कापायला बसलो.
एकाच ठाणातला लाल
दोन वैऱ्यांच्या झेंड्यांत गेला.
कात्रीला त्याचं काही वाटलं नाही.

मग आम्रपाली शेंडे आली, इंदोऱ्याहून, स्कूटीवर.
चिठ्ठीत तिला निघालेला देश
डोंगरांत अडकलेला, समुद्र नसलेला.
मैत्रिणी म्हणाल्या होत्या, अरेरे.
"काका, माह्या देशाचा झेंडा दाखवा न."
मी ढिगाच्या तळातून काढला.
लहान देशांचे मी शेवटी शिवतो,
उरलेल्या कापडात भागतात.
हे तिला सांगितलं नाही.

"दोन्हीकडचे मागं लागले आहेत," ती म्हणाली.
"एक म्हणते रस्ता देतो, एक म्हणते धरण.
कँटीनमध्ये समोसे खाऊ घालून झाले.
सर म्हणतात, तटस्थ राहा, सोपं आहे."

मी दोरा ओवता ओवता म्हटलं,
बघ, तट म्हणजे काठ.
तट म्हणजे किल्ल्याची भिंतसुद्धा.
आणि मोहल्ल्यात भांडण झालं की
दोन तट पडतात, तेही तटच.
एवढ्याशा शब्दात उभं राहायचं कुठं?

मला वाटलं, हसेल.
ती म्हणाली, "अंबाझरी भरून वाहिला त्या रात्री
माही मावशी नाग नदीच्या काठालेच होती.
तटावरच.
पाणी आधी तिच्याच घरात आलं.
गाद्या, तांदूळ, पोराची मार्कशीट.
तिचं काय भांडण होतं कोणाशी?"

मी बॉबिन बदलली.
बदलायची नव्हती, तरी.

मतदानाच्या दिवशी झेंडे सरळ करायला गेलो
आणि मागं भिंतीला टेकून थांबलो.
बाजूने कोण? हात.
विरुद्ध कोण? हात.
मग ती उठली. कागद थरथरत होता.

"आम्ही मत देत नाही.
पण गैरहजर असं लिहू नका, आम्ही इथं आहोत.
आमच्याकडे अकरा खिंडी आहेत, सहा भाषा आहेत,
मीठ मात्र बाहेरून येतं, आणि ते दोन्हीकडून येतं.
लढाई कोणाचीही असो,
जखमींना आमचा रस्ता उघडा राहील,
तोफांना नाही.
घाबरलो म्हणून म्हणत नाही हे..."
थांबली. पाणी प्यायली.
"घाबरलोय, तेही खरं आहे.
पण आजोबा ज्या भाषेत घाबरायचे
त्याच भाषेत घाबरायचं आहे आम्हाला.
उसन्या भाषेत नाही."

मागच्या रांगेत कोणी हसलं.
कोणी एक टाळी वाजवली, एकच,
आणि हात खिशात घातला.
ठराव पास झाला.
बक्षीस रस्तावाल्याला मिळालं.

रात्री झेंडे पोत्यात मोजले, तर एक कमी.
मॅडमनी विचारलं, त्या शेंडेनं नेला का?
तिला बॅगेची चेन लावताना मी पाहिलं होतं.
हो म्हटलं नाही.
नाही म्हटलं नाही.
बिलातून चाळीस रुपये कमी केले.

दुकानात येऊन दिवा लावला,
आणि तोच झेंडा पुन्हा बेतला,
या वेळी नव्या ठाणातून,
मधोमध कात्री घालून.