पाषाणच्या बाई

दापोलीची एसटी पहाटे स्वारगेटला लागते.
कंडक्टर मला नावानं ओळखत नाही, खोक्यावरून ओळखतो.
"मॅडम, तुमचं पार्सल रडतंय," म्हणतो,
आणि थर्माकोलच्या फुटक्या कोपऱ्यातून
हर्णैचा बर्फ फलाटावर ठिबकत असतो.

पाठवणारा: शमशुद्दीन सोलकर, हर्णै बंदर.
घेणार: पाषाणच्या बाई, पुणे.
एवढ्याच पत्त्यावर तीन वर्षं मासे येतात.

रिक्षावाला विचारतो, आत काय?
मी म्हणते, कागदपत्रं.
हे तितकंसं खोटं नाही.

माशाच्या डोक्यात, मेंदूच्या मागे,
एक खडा असतो.
पुस्तकात त्याला कर्णाश्म म्हणतात,
सोलकर म्हणतात कानातला तांदूळ.
चिमट्यानं काढायचा, धुवायचा,
सहाणेवर जायफळ उगाळावं तसा उगाळायचा, श्वास धरून,
मग भिंगाखाली वलयं उमटतात,
एक फिकं, एक गडद.
कुठल्या पाण्यात राहिला, कधी उपाशी होता,
सगळं त्यानं आपल्याच कानात लिहून ठेवलेलं.

ह्या सुरमईनं एकही वर्ष पुरं केलेलं नाही.
हिनंही नाही.
हिनंही.
वयाच्या रकान्यात मी शून्य लिहिते,
खाली शून्य, खाली शून्य,
जशी पाटीवर कुणी ठिपक्यांची रांगोळी सुरू केली
आणि रेघा ओढायला आलंच नाही.

घरी जिन्यात पाटी आहे:
'मासे हाताळणाऱ्यांनी वास खालीच ठेवून वर यावे.'
पाटी माझ्या एकटीसाठी आहे. सुवाच्य आहे.

संध्याकाळी म्हात्रे पुलावर थांबते.
मुठा पूर्वेला निघालेली,
सोलकरांच्या समुद्राला पाठ दाखवून
दुसऱ्याच कुणाच्या समुद्राकडे.
वर आमच्या शाम्पूचा, आमच्या धुण्याचा फेस.
पार पलीकडच्या किनाऱ्यावरही
असेल कुणी बाई भिंगावर वाकलेली,
कुठल्याशा माशाच्या कानात
आमचं पुणं वाचत.

फेब्रुवारीत तीन आठवडे पार्सल नाही.
मग आलं ते हलकं.
बर्फसुद्धा नाही,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाळ्याचा तुकडा
आणि वहीचा फाडलेला कागद:

"बाई, जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आस लावला.
तुमचे साहेब सांगून गेलते तो.
ओढताना ताण आला तरी मिटत नाय, बारकी पोरं निसटतात.
या वख्ताला तुमच्या कामाची सुरमय गावली नाय.
वही कोरी राहील, माफी करा.
घरात शिव्या खातोय, पण एक हंगाम बघतो म्हटलंय."

त्याच आठवड्यात मला चक्कर आली.
कूस बदलली की खोली फिरायची,
होडीत कधी बसले नव्हते, तरी.
डॉक्टर गोळविलकरांनी डोकं दोन हातांत धरलं,
एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झुकवलं,
मर्तबानातलं मीठ सारखं करावं तसं.
"कानातली खडूची भुकटी जागची हलली," म्हणाले.
"माणसाच्या कानात?"
"मग! तोल तिच्यावरच तर असतो."
मी विचारलं, वलयं असतात का तिच्यात?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"नाही हो. कशाला असतील?"

म्हणजे आमच्यात खडू आहे, अक्षर नाही.
आम्ही कुठल्या पाण्यात राहिलो,
कोणतं पाणी कसं करून पुढे पाठवलं,
हे आम्हाला बाहेर, वहीतच लिहावं लागणार.

म्हणून लिहिलं:
हर्णै. नग शून्य.
शेरा: आस चौकोनी.
शेऱ्याच्या रकान्यात 'शिव्या' लिहावं का,
यावर बराच वेळ गेला. लिहिलं.

जाळ्याचा तुकडा खिडकीच्या गजाला बांधलाय.
येता जाता मी त्यात बोट घालून बघते.
करंगळी आरपार जाते.
अंगठा अडतो.