भराव

महापे, एमआयडीसी. प्लॉटचा नंबर सांगायची परवानगी नाही.
तिसऱ्या मजल्यावर बारा तास उजेड, बारा तास काळोख,
बाहेर किती वाजलेत याच्याशी सशांना देणंघेणं नाही.
मी यमुना मढवी. पिंजरे, पाणी, लेंड्या, वजनं.
वही माझ्या अक्षरात.

सतरा नंबरचा कान जरा फाटका.
अबोली मॅडमनी त्याच्या दोन्ही मांड्यांच्या हाडांत
एकेक भोक पाडलं, मसुराच्या डाळीएवढं.
उजव्यात भराव घातला:
कुठल्याशा बैलाचं हाड, भाजलेलं, धुतलेलं,
रव्यासारखं दळलेलं.
डावं तसंच रिकामं सोडलं.
ते कशाला, मी विचारलं.
तुलनेला, म्हणाल्या.
काहीच केलं नाही तर काय होतं,
तेही दिसायला हवं ना.

भराव हा शब्द मला कुणी शिकवायला नको.
घणसोलीला आमचं मिठागर होतं.
त्यावर डंपरनी पारसिकचा डोंगर आणून ओतला,
आणि मीठ गेलं म्हणून बाबा
त्याच डोंगराच्या खाणीत लागले, खडी फोडायला.
तिथेच एक धोंडा नडगीवर आला.
हाडवैद्याने बांबूच्या कांब्या बांधल्या,
कसलासा पाला, वर अंड्याचा लेप.
पाय वाकडा जुळला.
त्यावर सव्वीस वर्षं चालले.

मॅडम सांगतात, घातलेलं हाड काही आपलं होत नाही,
ते नुसती जागा धरून बसतं.
अंग त्याला आधी कुरतडतं,
कुरतडलं तिथे स्वतःचं रचतं,
दोन्ही कामं एकदम चालू,
राहत्या घरातच घर बांधायला काढावं तशी.
शेवटी बैल उरत नाही.
सशाला यातलं काही माहीत नसतं,
तो गाजराच्या पाल्यावर भांडतो.

दुसऱ्या आठवड्यात पिवळी सुई, चौथ्यात हिरवी, आठव्यात लाल.
त्या दिवशी जे हाड घडत असेल
त्यात रंग जाऊन बसतो.
हिरवीच्या आठवड्यात बाबा गेले.

अस्थी वेचताना नडगीचा तुकडा हाती आला.
मोडलं होतं तिथे गाठ,
बाकीच्या हाडाहून जाड.
भावाला दाखवला. तो म्हणाला, टाक मडक्यात.
धुतला, टाकला.
चौथ्या दिवशी कामावर गेले, सुई मीच दिली,
दोन दिवस उशिरा.
मॅडमनी वहीत ‘विलंब’ लिहिलं. कारणाचा रकाना कोरा.

बाराव्या आठवड्यात सतरा नंबर. धरायला मीच असते.
ससे ओरडत नाहीत,
एकदम जड होतात.

मग काचेवर कागदाहून पातळ चकती,
अंधाऱ्या खोलीत निळा दिवा.
या यमुनाताई, बघा.
पिवळी रेघ, लाल रेघ,
मधली हिरवी लालकडे किंचित झुकलेली.
केसाहून बारीक फरक. मॅडम म्हणाल्या, तसं काही नाही.
मला दिसला.

डावीची काच नंतर लावली.
कडेकडेने हाड थोडं आत आलेलं,
मग थांबलेलं.
मधे मऊ, बिनरंगाची जाळी,
कुठल्याच आठवड्याची रेघ नसलेली.
मी डोळा लावूनच होते,
बाहेर अठरा नंबरने पाण्याची वाटी उलटी केली
ते ऐकू येईपर्यंत.