झेरॉक्स

सोमवारी मुज्तबा येतो, मागे नवी चार-पाच पोरं,
शटरखालून वाकून शिरणारी.
पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार. तीन-तीन प्रती.

माझं मशीन जुनं. फोटोतला चेहरा
नुसता डाग होऊन येतो.
"काका, थोडं फिकं करा," तो म्हणतो,
"डोळे दिसू देत. साहेब परत पाठवतो."

स्वतः फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
कोंढव्यात कुणाला खोली नाकारली
की ह्याचा फोन वाजतो.
पोरांना सांगतो: मीटर बघूनच बसा,
रात्री घोळक्यानं उभं राहू नका,
आणि "किती झाले?" मराठीतच विचारा.

आज सायकलवरून एक शाळकरी कार्टं
"ए काळ्या!" ओरडत गेलं.
देंगच्या, सगळ्यात धाकट्याच्या, मुठी वळल्या.
मुज्तबानं मनगट धरलं,
कानात काहीतरी बोलला, त्यांच्या भाषेत,
बराच वेळ.
मी मान वर केली नाही.
कागद सारखे करत राहिलो, सारखे असलेले.

मग काउंटरशी येऊन
देंग अडखळत म्हणाला,
"किती... झाले?"

"राहू दे रे," मी म्हटलं.

"नको काका," मुज्तबा म्हणाला,
"घ्या. आणि सुट्टे त्याच्याच हातात द्या.
मोजून घेऊ दे."