कूलर बंद कर

एपिसोड सत्तेचाळीसच्या आधी
यशोधन म्हणाला, कूलर बंद कर.
मे महिना, हंसापुरीतली वरची खोली,
संध्याकाळी सातलाही पत्र्यावर ऊन ठाण मांडून.
कूलर चालू ठेवला तर आवाजात पाणी पडतं,
बंद केला तर आपण पडतो.
आम्ही बंद केला.
खिडकीला दोन गाद्या, दाराला आईची सतरंजी,
आणि मधे तो माइक, चार हप्ते अजून बाकी असलेला.

पाहुणे होते निनावे काका,
बावीस वर्षं एका चॅनलचे स्ट्रिंगर,
बातमीमागे दीडशे रुपये, पेट्रोल त्यातच.
त्यांनी पिशवीतून तो लाल चौकोनी ठोकळा काढला,
चॅनलचं नाव असलेला, माइकला घालतात तो,
टेबलावर उभा करून त्यात अडकित्ता ठेवला, सुपारी, चुन्याची डबी.
"आतून पोकळच आहे पोरी," म्हणाले,
"सामान मावते."

दर मे महिन्यात वरून फोन येतो त्यांना:
रस्त्यावर पापड भाजून दाखवा.
"पापड काही भाजत नाही हो, डांबर लागते त्याले.
मी घरूनच भाजून न्यायचो.
बायको विचारायची, आज किती पाहिजे?"
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
"एकदा टिमकीत भिंत पडली. दोघं गेले.
फोन आला, रडणारी बाई पाहिजे.
बाई होती. रडत नव्हती.
विटा मोजत होती, आपल्या किती, शेजाऱ्याच्या किती.
मी तेच पाठवलं.
चाललं नाही. दीडशे गेले."

एकसष्ट लोकांनी ऐकलं हे.
त्यात माझी आई दोनदा.

मग मुंबईच्या एका कंपनीचा मेल:
तुमच्या आवाजात मातीचा गंध आहे.
फक्त जरा चाळून घेतली तर बरं.
सोबत नमुन्यादाखल त्यांचा गाजलेला शो,
मागे निऑनची पाटी, पुढे दोन काळे मग,
कोट्यधीश सांगतोय की तो पहाटे चारला उठतो,
समोरचा मान हलवतोय.
तीन तास.
चॅनलवर सहा जण ओरडतात,
इथे दोघं कुजबुजतात,
आणि भिंत कोणाची पडली
हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

यशोधन गेला.
त्याला मी नावं ठेवत नाही, बहिणीची नर्सिंगची फी होती,
आणि मी कुठे त्याला काही देत होते, अर्धी प्लेट तर्री-पोहे सोडून.
काल ऐकला त्याला.
मधेच गादीची जाहिरात, त्याच्याच आवाजात, मऊ, दहा वर्षांच्या हमीसकट.
आमच्या गाद्या खिडकीला होत्या.
"मी यावर विचार करतो आहे," म्हणाला तो.
आमच्याकडे कोणी विचार करतो आहे, असं नसतं.
आमच्याकडे माणूस विचार करून राहतो.
ते राहणंच
कापून टाकलं होतं त्याच्यातून.

पण कात्री माझ्याकडेही होती.
काकांचा खोकला मी अकरा ठिकाणी काढला.
"दीडशे गेले" म्हटल्यावर ते नऊ सेकंद गप्प होते,
मी दोन ठेवले,
ऐकणारा निघून जातो म्हणून.
कुठून आला होता मला हा फोन?
वर तर कोणीच नव्हतं माझ्या.

आज अठ्ठेचाळीस. एकटीच.
कूलर बंद केला.
काकांची मूळ फाइल पुन्हा लावली,
खोकल्यासकट, नवाच्या नऊ सेकंदांसकट.
सातव्या सेकंदाला अडकित्ता वाजतो, तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.
मग माझं बोलणं सुरू केलं
तर खालून, गाद्यांमधूनही,
हेडाऊ काकूंचा आवाज:
"काय करून राहिली वं, इतक्या गर्मीत?"
बोलून राहिली, म्हटलं.

माइक चालूच होता.
हनुवटीवरून घाम पडला त्याच्यावर, टप्प.
तेही राहू दिलं.