कलम

वसाहतीच्या जुन्या हजेरीबुकात
माझा जन्म बैलांच्या पानावर आहे.
"कैदी नं. ४१, बाबा दाजी हुबाले, यास मुलगी."
खाली त्याच शाईत,
"पांढरी कालवड, खरसुंडीच्या बाजारी घेतली, रुपये दीडशे."
माझ्यापुढं किंमत नाही, एवढाच फरक.

पहिले सहाजण आले तेव्हा इथं नुसता मुरूम.
संस्थानी शिक्क्याच्या कागदावर मोडीत लिहिलंय
कुदळी सहा, बुट्ट्या सहा,
पहारी दोन, पहारेकरी एक.
त्याच्याकडं बंदूक होती की नव्हती, ते नाही लिहिलेलं.
विहिरीला सत्तावीस फुटांवर खडक लागला.
तेव्हा म्हाकू लांडगे म्हणाला म्हणे,
"घाई कुणाला हाय? जल्मठेप हाय."

भिंत कधीच नव्हती.
वीस-वीस पावलांवर दगड, चुन्यानं पांढरे केलेले.
कोंबड्या ओलांडायच्या, शेळ्या ओलांडायच्या.
आटपाडीच्या शाळेला निघालेली आम्ही पोरं ओलांडायचो.
बाप दप्तर घेऊन तिथवर यायचा
आणि थांबायचा
पोहता न येणारा माणूस
डोहाच्या काठाला थांबतो तसा.

हजेरीबुकात रकाने पाच.
नाव, गाव, कलम, मुदत, पीक.
म्हाकू लांडगे, लेंगरे, ३०२, जन्मठेप, ज्वारी नऊ पोती.
अबास मुलाणी, ढालगाव, ३०४, दहा वर्षे, मटकी.
बाबा हुबाले, ३०२, जन्मठेप,
हुलगा चार पोती, शिवाय वांगी.
बापाच्या गावाच्या जागी शाईचा डाग पडलाय.

मला वाटायचं, कलम म्हणजे झाडाचं.
पिकाच्या शेजारीच तर लिहिलेलं असायचं.
तीनशे दोन नंबरचं कलम
बाप गावाकडं लावून आला असणार.
एकदा आईला विचारलं,
"आपलं ते झाड आता केवढं झालं असंल?"
आईनं भाकरी तव्यावरच करपू दिली.

चौथीत कळलं.
दीड हात बांध होता. आणि चुलत चुलता.
त्या दिवशी घरी येताना
मी त्या दगडांना पहिल्यांदा नीट बघितलं.
दर दिवाळीआधी ते पुन्हा रंगवायचे
आणि रंगवायचे कैदीच.
सगळ्यांत साफ हात माझ्या बापाचा.
एक थेंब इकडं नाही, एक तिकडं नाही.

पळून गेल्याची नोंद एकच सापडली मला.
"गुंडा व्हनमाने, फरार."
दोन ओळी सोडून
"गुंडा व्हनमाने, हजर. तिसरे दिवशी. बैल सापडला."

बहात्तर साली माण नदीत वाळूसुद्धा तापून पांढरी झाली
तेव्हा आमच्या विहिरीला पाणी होतं.
'खुन्यांची वाडी' म्हणणाऱ्या गावांच्या घागरी
दगडापासून विहिरीपर्यंत रांगेत.
रहाटावर बाप.
एक म्हातारी तेवढी पदरानं घागरीचं तोंड पुसून घ्यायची
पाणी भरायच्या आधी की नंतर
आता आठवत नाही.
मला वाटतं, आधी.

आता कालवा आलाय. टेंभूचं पाणी खळखळतंय.
सगळीकडं डाळिंबं, औषधांचे फवारे, जाळ्या.
कारकून चांगला होता, बुकाचे फोटो काढू दिले,
"तुमचं कोण होतं?" एवढंच विचारलं.
मी म्हटलं, "एक्केचाळीस."
बापाची शेवटची ओळ अशी आहे
"सुटका. पीक: उभे."

ते उभं पीक मी बघितलंय.
हाताएवढी बाजरी, अजून दाणा भरायचा होता.
बाप दोनदा तिच्यात जाऊन आला.
ट्रंक माझ्या डोक्यावर, कोंबडी आईच्या काखेत.
दगडापाशी आलो.
आई ओलांडून गेली, मी गेले,
बाप उभाच.
आई म्हणाली, "चला की."
तो खाली वाकला, दगडाला बोट लावून बघितलं,
आदल्याच दिवशी त्यानं तो रंगवला होता.
"ओला हाय अजून," म्हणाला,
"वाळू दे."