दीड तास

तोषीचा फोन: "उद्या मेळ्यात जायचंय, सॉफ्टी खायला.
येतेस, की तेच ते?"
मी भिंतीवरच्या वेळापत्रकात पाहिलं.
रविवार, सहा ते नऊ: वर्तुळाकार गती.

मागच्या आठवड्यात फराहचा वाढदिवस बुडाला,
त्याआधी मावसबहिणीचं केळवण.
"पेपर झाल्यावर" हे दोन शब्द
आता इतके झिजलेत
की तोषीच ते माझ्याआधी म्हणून टाकते.

आई म्हणाली, "दीड तास. आणि कानटोपी."
बाबा काही बोलले नाहीत,
स्कूटीची किल्ली फक्त सरकवली
रसायनशास्त्राच्या वहीवर.

ठाटीपूरहून मेळा दहा मिनिटं.
धुक्यात दिवे विरघळलेले.
ग्वाल्हेरच्या जानेवारीत सॉफ्टी खाताना
तिघींचे दात वाजत होते,
त्यावरच एवढ्या हसलो
की फराहचा कोन पडला तो पडलाच.

मग आकाशपाळणा.
वर पोचताच पोटात गोळा,
आणि डोक्यात आपोआप:
सर्वोच्च बिंदूवर वजन कमी भासतं,
एन बरोबर एमजी वजा...

"मनात गणित करतेयस ना?" तोषीने चिमटा काढला.
"छे गं."
"खोटारडी."
पाळणा खाली येईस्तोवर ती गप्प होती.
मग म्हणाली, "मी पण."

घरी आले तेव्हा दीडाचे अडीच झालेले.
आईने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि दूध तापत ठेवलं.

वही उघडली. बोटांना व्हॅनिलाचा वास.
आकृतीतलं वर्तुळ काढलं, त्रिज्या काढली,
आणि अगदी वरच्या टोकाला
पेन्सिलीने
तीन ठिपके.